आण्याची, आळ्याची नाही

मी आण्याची. आळ्याची नाही. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा बोललेय की आता कुणी गाव विचारलं की दोन्ही तुकडे एका दमात बाहेर पडतात. आळे म्हणजे खालचं, पाण्याचं, मोठं गाव. फाट्याला त्याचं नाव, बसच्या पाटीवर त्याचं नाव. आमचं आणे वर पठारावर, वारा आणि खडक भरपूर. फोनवर तुम्ही कितीही ठासून आणे म्हणा, समोरच्याला आळेच ऐकू येतं. माझी कॉलेजची पुस्तकं आळ्याला गेली. मला बघायला आलेले पाहुणे आळ्यात घर शोधत फिरले आणि दीड तास उशिरा वर आले, तोवर पोहे गार. तेव्हापासून मी फोनवर गाव सांगताना 'बाणाचा ण' असं जोडते. लोक हसतात. हसू देत.

आमचं घराणं मेंढरांचं. आबा, म्हणजे माझे वडील, अजूनही वीसेक मेंढरं राखून आहेत. घरची शेती माझा भाऊ बघतो. आबांच्या उमेदीत दिवाळी झाली की वाडा हलायचा. आमच्याकडे वाडा म्हणजे दगडमातीचं घर नव्हे. जाळीचं कुंपण, मेंढरं, दोन घोडी, भांडीकुंडी, कोंबड्या, आम्ही पोरं, हे सगळं मिळून वाडा. आज या रानात, चार दिवसांनी पुढच्या. सातवीपर्यंत मी सुट्टीत वाड्याबरोबर चाललेय आणि याची मला कधी लाज वाटली नाही. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करताना होस्टेलवरच्या पोरी नाक मुरडायच्या, तेव्हासुद्धा नाही.

डिप्लोमा झाला, पुण्यात आठ वर्षं सर्व्हर सांभाळण्याची नोकरी केली आणि मग परत येऊन आळेफाट्यावर स्वतःचं दुकान टाकलं. आबा म्हणाले, शेवटी गेलीसच आळ्याला. मी म्हटलं, फाट्यावर गेलेय, आळ्यात नाही. बापलेकीचं असं चालायचंच.

माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे घोडेगाव-शिनोली रस्त्यावरची एक दूध डेअरी. जवळच्या गावांतून शेतकरी कॅन घेऊन थेट गेटवर येतात. काट्यावर दूध मोजलं जातं, फॅट लागते आणि खिडकीतून हातात स्लिप पडते. ही स्लिप म्हणजे माणसाचा त्या दिवसाचा पुरावा. ती मिळाल्याशिवाय कुणी गाडीला किक मारत नाही. या सगळ्याच्या मागे एक सर्व्हर. एकाच मोठ्या मशीनच्या पोटात सात लहान मशीनं, एका घरात सात चुली मांडाव्यात तशी. वजनाचं वेगळं, फॅटचं वेगळं, स्लिपचं वेगळं. बाहेरून बघाल तर एकच काळा डबा.

ही सात चुलींची व्यवस्था ज्या प्लॅटफॉर्मवर चालायची, त्याच्या लायसनची रीत बदलली आणि आमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकाला त्याचा खर्च झेपेना. दुसरीकडे जाणं भाग होतं. कुठे, एवढाच प्रश्न.

डेअरीच्या मालकांना सगळे शेठ म्हणतात. मीही म्हणते. शेठनी रीतसर बैठक बोलावली. पुण्याहून एका कंपनीची दोन माणसं आली होती. त्यांचं म्हणणं, सगळं उचलून इंटरनेटवर न्या, इथे डबा ठेवूच नका. मी म्हटलं, रस्त्याचं खोदकाम निघालं की आपली लाईन दोन-दोन दिवस तुटते, आणि म्हैस काही लाईन जोडून होईपर्यंत थांबत नाही. सर्व्हर डेअरीतच राहायला हवा. मी सुचवला तो खुल्या परवान्याचा प्लॅटफॉर्म. ज्याला कुणी उद्या उठून आपली रीत बदलून अडवू शकत नाही, असा. दोन वर्षं मी तो दुकानातल्या एका जुन्या मशीनवर चालवत होते, मोडत होते, परत उभा करत होते. डेअरीचा बॅकअप त्यावर चढवून दाखवायचीही माझी तयारी होती.

त्या दोघांतला जो जास्त बोलत होता तो माझ्याकडे वळून गोड आवाजात म्हणाला की मॅडम, तुम्ही कॉम्प्युटर रिपेअरिंग करता ना, हे प्रॉडक्शनचं काम आहे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा स्वभावच तसा आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. मी शेठकडे बघून सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळचं दूध जुन्या मशीनवर घ्या. संध्याकाळचं पाच वाजता नव्यावर. पाच मिनिटं जरी उशीर झाला, तर मी या डेअरीची पायरी पुन्हा चढणार नाही."

शेठनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. पंधरा दिवसांनंतरची तारीख सांगून म्हणाले, ठरलं. आणि मी घरी येताना स्कूटरवर स्वतःलाच शिव्या घालत आले. जिभेला हाड नसतं ते हे असं. माझ्या दुकानाचा निम्म्याहून जास्त भार त्या एका डेअरीवर होता. शिवाय या दोन तालुक्यांत अशी गोष्ट लपत नाही. ती बाई पडली, हे पुढच्या बाजारापर्यंत सगळीकडे झालं असतं.

तयारीला पंधरा दिवस होते. डेअरीत कॉम्प्युटर सांभाळणारे एक गृहस्थ आहेत, शिनोलीचेच, निवृत्तीला आलेले, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. सातही मशीनं त्यांनीच उभी केली होती, आणि नावं गावांची ठेवली होती. आकडे ध्यानात राहत नाहीत, गावं राहतात, असं त्यांचं म्हणणं, आणि मला ते पटलंही. वजनाचं मशीन शिनोली, फॅटचं घोडेगाव, मग मंचर, ओतूर, बेल्हे. सहावं आळे, ते स्लिपचं. सातवं आणे. मी विचारलं, भाऊ, हे आणे काय करतं?

"काय न्हाई करत," ते म्हणाले. "टेस्टिंगला बनवलं व्हतं. तिथं काय पिकत न्हाई, म्हनून ते नाव दिलं. सोडून द्या."

त्यांना माझं गाव माहीत नव्हतं. फाट्यावरून येते म्हणजे आळ्याची असणार, असं धरून चालले होते. मी त्यांची चूक सुधारली नाही, आणि हे माझ्या स्वभावाला सोडून होतं. एवढी चिडले होते की बोलले तर भांडण होईल असं वाटलं. मी यादीवर पेन घेतलं आणि आणे या नावावर दोन रेघा मारल्या. नको तर नको. त्या मशीनच्या आत मी डोकावलेसुद्धा नाही. आज सांगायला काही वाटत नाही, पण ही माझी चूक होती आणि ती रागातून झाली. बाकीच्या सहांची डिस्क आणि नेटवर्क मी तपासलं, कोण काय काम करतं ते मात्र भाऊंच्या यादीवरच धरलं. नव्या घरात गेल्यावर त्यांना आपल्या डिस्क ओळखता याव्यात म्हणून लागणारे ड्रायव्हर आधीच घालून ठेवले, दुकानात हलवण्याची दोनदा रंगीत तालीम केली. सातव्याला हात लावला नाही.

आदल्या रविवारी आण्याला गेले होते. आबांना सांगितलं की डेअरीचे सर्व्हर हलवायचेत. ते म्हणाले, म्हणजे काय हलवायचं? मी म्हटलं, समजा तुमचा वाडाच. जुन्या तळावरून नव्या तळावर, आणि मेंढरांना कळायच्या आत. त्यावर त्यांनी मला बारीकसारीक प्रश्न विचारले: नवा तळ आधी बघून आलीस का, पाणी आहे का, पुढे कोण चालणार. मी सगळ्याला हो म्हटलं. मग त्यांनी तंबाखूची चंची बंद केली.

"आन मागं कोन फिरणार?"

मला ते आठवलं. वाडा हलला, घोडी लादून पुढे गेली, की एक माणूस रिकाम्या तळावर परत जायचा. सगळा तळ एकदा पायाखालून घालायचा. एखादं कोकरू झुडपामागे झोपून राहिलेलं असतं, त्याला कुणी मोजलेलं नसतं. मोजणीवर आबांचा भरवसा नव्हता. ते म्हणायचे, आकडा बरोबर येतो आन कोकरू मागंच राहतं. हे काम ते कुणाला द्यायचे नाहीत, स्वतः करायचे. मी म्हटलं, मीच फिरेन आबा. खरं तर तेव्हा मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं.

ठरलेल्या दिवशी सकाळचं दूध साडेनऊला आटोपलं. गेट रिकामं झालं, फरशा धुतल्या गेल्या. शेठ खुर्ची घेऊन सर्व्हरच्या खोलीबाहेर बसले. पुण्याच्या दोघांतला तो जास्त बोलणाराही आला होता, मदत लागली तर असावं म्हणून. मदत कसली, मी पडतेय का ते बघायला आला होता तो.

काम मात्र लोण्यासारखं झालं. एकेक मशीन बंद करायचं, त्याची डिस्क नव्या डब्यात उतरवायची, चालू करायचं, तपासायचं. शिनोली आलं. घोडेगाव आलं. मंचर एकदा अडलं, नेटवर्कचं कार्ड बदललं म्हणून स्वतःचा पत्ताच विसरलं होतं. तो परत भरला, आलं. पावणेतीनला सहाही नव्या डब्यात चालू. काट्यावर पाण्याचा कॅन ठेवून वजन घेतलं, फॅटचं मशीन चालवलं, स्लिपसुद्धा छापून आली. शेठनी चहा मागवला. पुण्याचा माणूस म्हणाला, गुड. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जुना डबा बंद करायचा तेवढा राहिला होता. माझं बोट बटणापर्यंत गेलं होतं. तेवढ्यात आबांचा प्रश्न आठवला. मी थांबले. काही शंका होती म्हणून नाही, शब्द दिला होता म्हणून. चहा बाजूला ठेवला आणि जुन्या तळावर फिरायला लागले. आत कुणी उरलंय का, कोण श्वास घेतंय, कोण कुणाशी बोलतंय. सहा जागा रिकाम्या. सातव्या जागी आणे. आणि ते झोपलेलं नव्हतं. ते भरभरून काम करत होतं.

मी उघडून बघितलं. स्लिपचा अख्खा प्रोग्राम तिथे बसला होता. मघाशी जी स्लिप छापून आली ती नव्या डब्यातून आलीच नव्हती. जुना डबा अजून चालू होता, म्हणून आणे मुकाट्याने ती छापून देत होतं. मी बटण दाबलं असतं, तर पाच वाजता खिडकीसमोर शंभर माणसं आणि हातात काही नाही. मग मी आळे उघडलं, जे मी पंधरा दिवस काळजाच्या तुकड्यासारखं जपून आणलं होतं. ते कोरं होतं. इतकी वर्षं बसून नुसतं खात होतं.

भाऊंना हाक मारली. त्यांनी वाकून स्क्रीन बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. मग हळूहळू सगळं निघालं. स्लिपचा प्रोग्राम बसवणारा माणूस लांबचा होता, त्याने सगळं काम तिकडूनच केलं. कुठल्या मशीनवर टाकू, असं त्याने फोनवर विचारलं होतं.

"मी आळेच म्हनलो व्हतो," भाऊ म्हणाले. "त्यानं आणे ऐकलं."

मला हसू फुटलं. अशा वेळी हसावं का, पण आवरेना. अख्ख्या आयुष्यात मला भेटलेला हा एकच माणूस, ज्याने आळे म्हटल्यावर आणे ऐकलं. मी भाऊंना म्हटलं, मी आण्याची आहे, आळ्याची नाही. बाणाचा ण. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. कान लाल झाले होते.

हसण्याची वेळ मात्र नव्हती. सव्वातीन झाले होते. बाहेर जाऊन मी शेठना खरं ते सांगितलं. पुण्याचा माणूस ऐकत होता तरी सांगितलं. यादीत एक मशीन बिनकामाचं म्हणून लिहिलं होतं, ते मी न तपासता खोडलं, आणि स्लिप त्याच्यावरच आहे. भाऊंचं नाव घेतलं नाही. खोडणारा हात माझा होता. पुण्याचा माणूस लगेच म्हणाला, जुना डबा चालू ठेवा, आजचा दिवस निभेल. निभला असता, हे खरं. जुनं परत चालू करायची सोय शेवटपर्यंत माझ्या हातात होती. पण मग संध्याकाळचं दूध अर्धं जुन्यावर झालं असतं, आणि मी काय बोलले होते ते शेठना आठवत होतं. मलाही.

शेठ म्हणाले, "ताई, तुम्ही सांगाल तसं."

मी आणे बंद केलं आणि डिस्क उतरवायला घेतली.

एक गोष्ट आमच्या पथ्यावर पडली. बिनकामाचं म्हणून त्या मशीनला कुणी जागाच फार दिली नव्हती. इतरांची डिस्क आडवीतिडवी वाढलेली, याची चिमूटभर. आमच्या पठारावर वाढलेल्या माणसासारखं, थोडक्यात भागवणारं. चाळीस मिनिटांत ते नव्या डब्यात आलं. चालू केलं आणि स्क्रीन निळी झाली. ड्रायव्हर. बाकी सहांना घातले होते, याला कुठे घातले होते? डिस्क समोर, पण त्याला दिसत नव्हती.

चार वाजून दहा मिनिटं. गेटवर पहिली जीप लागली, कॅनचा आवाज आत येत होता. माझं डोकं ठिकाणावर होतं. दुकानातल्या त्या जुन्या मशीनवर हा निळा पडदा मी इतक्या वेळा बघितला होता की त्याची भीती कधीच गेली होती. डिस्क त्याला समजेल अशा जुन्या पद्धतीने जोडली, चालू केलं, आत जाऊन ड्रायव्हर घातला, बंद केलं, नव्या पद्धतीने जोडून परत चालू केलं. भाऊ माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी पंखा माझ्याकडे वळवून ठेवला.

साडेचारला ते उठलं. पावणेपाचला मी जुना डबा बंद केला. यावेळी बटण दाबण्याआधी परत एकदा सगळा तळ फिरले. कुणी नव्हतं.

पाचला खिडकी उघडली. पहिला कॅन काट्यावर चढला, आकडा आला, फॅट आली, आणि खिडकीतून स्लिप बाहेर सरकली. दूध घालणाऱ्या माणसाने ती न बघताच खिशात कोंबली आणि निघून गेला. त्याच्यासाठी ती कालच्यासारखीच स्लिप होती, आणि आपण केलेलं काम कुणाला दिसूच नये याचा एवढा आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. जीव भांड्यात पडला. मी तिथेच पायरीवर बसले. शेठ आले, माझ्यासमोर हात जोडले आणि आत गेले. पुण्याचा माणूस कधी निघून गेला ते मी बघितलं नाही.

आबांना फोन लावला. पठारावर वारा होता, निम्मं ऐकू येत नव्हतं. त्यांनी एकच विचारलं, मागं फिरलीस का? मी म्हटलं, फिरले. एक राहिलं होतं. ते म्हणाले, राहतंच. आणि मेंढरं कुठेतरी शिरली म्हणून त्यांनी फोन ठेवला. मला रडू आलं, ते मी ओढणीने पुसलं. अभिमानानेही रडू येतं, हे मला त्या दिवशी कळलं. स्वतःचा होता तो, आबांचा होता, आणि हसू नका, पण त्या मशीनचाही होता. ओसाड म्हणून नाव ठेवलेलं, आणि इतकी वर्षं रोज दोन वेळ शंभर माणसांच्या हातात स्लिप देणारं.

खिडकीसमोरची रांग सरकत होती. आत भाऊ स्वतः स्लिपा फाडून देत होते. रांगेतल्या एका म्हाताऱ्या माणसाने पायरीवर बसलेल्या माझ्याकडे बोट केलं आणि त्यांना विचारलं, ह्या बाई कोण. भाऊ म्हणाले, आपलं मशीन ह्यांनीच बसवलं. म्हातारबाबांनी मला नीट निरखलं. आळ्याच्या का, त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. माझ्याआधी भाऊच बोलले. त्यांनी हातातली स्लिप तशीच धरून ठेवली आणि खिडकीतून मान बाहेर काढली.

"आळ्याच्या न्हाई," ते म्हणाले. "आण्याच्या. बाणाचा ण."